‘टाइम’साठी स्पॅनिशमध्ये कोणता शब्द? मराठीच्या आधाराने निवड करण्याची पद्धत

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या हाती पडणारी बहुतेक पाठ्यपुस्तके, शब्दकोश आणि मोबाइलवरील अभ्यासाची साधने इंग्रजीतून लिहिलेली असतात. त्यामुळे त्याचे प्रत्येक वाक्य नकळत आधी मराठीतून इंग्रजीत आणि मग इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये जाते. पुष्कळ शब्दांच्या बाबतीत हा वळसा निरुपद्रवी ठरतो, पण ‘टाइम’ या शब्दाच्या बाबतीत तो हमखास नडतो. ‘माझ्याकडे वेळ नाही’, ‘किती वाजले?’, ‘मी तिथे तीनदा गेलो’, ‘पेशवाईच्या काळात’ आणि ‘मुदत संपली’ ही पाच वाक्ये मराठीत पाच वेगळ्या शब्दांनी बोलली जातात. इंग्रजीत मात्र या पाचही ठिकाणी ‘टाइम’ चालून जातो. स्पॅनिशमध्ये पुन्हा पाच वेगळे शब्द लागतात: ‘तिएम्पो’, ‘ओरा’, ‘बेस’, ‘एपोका’ आणि ‘प्लासो’. म्हणजे आपल्या मनात आधीच असलेला फरक आपण इंग्रजीच्या वाटेवर पुसून टाकतो आणि नंतर तोच फरक नियम पाठ करून परत मिळवू पाहतो.

स्पॅनिश भाषा हा अर्थ जिथे जिथे तोडते, तिथेच बहुतेक वेळा मराठीही तोडते, हे एकदा ध्यानात आले की या शब्दांची निवड पाठांतराने करावी लागत नाही. ती मराठी वाक्याकडे नीट पाहून करता येते. पुढे दिलेली पद्धत याच निरीक्षणावर उभी आहे. मराठीची साथ जिथे सुटते, तिथे ती का सुटते हेही त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

उच्चारांविषयी एक सूचना आधीच देतो. या लेखात स्पॅनिश शब्द लॅटिन अमेरिकेतील उच्चारांप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. स्पेनच्या मोठ्या भागात ‘झेड’ हे अक्षर, तसेच ‘ई’ आणि ‘आय’ यांच्या आधी येणारे ‘सी’, यांचा उच्चार इंग्रजी ‘थिंक’मधल्या पहिल्या ध्वनीसारखा होतो, म्हणून ‘बेस’ तिथे ‘बेथ’ आणि ‘प्लासो’ तिथे ‘प्लाथो’ असा ऐकू येईल. ‘एच’ हे अक्षर लिहिले जाते, पण उच्चारले जात नाही, त्यामुळे ‘ओरा’ आणि ‘आसे’ हे शब्द लिहिताना ते अक्षर विसरू नये. ‘बेस’ लिहिताना आरंभी ‘व्ही’ आणि शेवटी ‘झेड’ येते. अनेकवचनात मात्र त्या झेडचा सी होऊन ‘बेसेस’ होते. स्पॅनिशमधील त आणि द हे आपल्या त आणि द यांसारखेच दंत्य आहेत, आणि इंग्रजीभाषकांना कष्टाने साधावा लागणारा हा उच्चार आपल्याला आयताच मिळतो.

पहिली पायरी: ‘वेळ’ पुल्लिंगी आहे की स्त्रीलिंगी, ते पाहा

मराठीत ‘वेळ’ हा शब्द दोन लिंगांत चालतो, आणि लिंग बदलले की अर्थही बदलतो. ‘बराच वेळ गेला’ असे आपण म्हणतो, तेव्हा मोजता येणारा, पुरणारा किंवा वाया जाणारा कालावधी आपल्या मनात असतो. ‘जेवणाची वेळ झाली’ असे म्हणतो, तेव्हा घड्याळातला किंवा दिवसातला एक ठरलेला बिंदू मनात असतो. ‘वेळ गेला’ आणि ‘वेळ गेली’ या दोन वाक्यांतला फरक कोणत्याही मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही: पहिल्यात कालावधी सरला, दुसऱ्यात योग्य क्षण हुकला.

स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी ‘वेळ’ म्हणजे ‘तिएम्पो’ आणि स्त्रीलिंगी ‘वेळ’ म्हणजे ‘ओरा’. विशेष म्हणजे ‘तिएम्पो’ हा शब्द स्पॅनिशमध्येही पुल्लिंगी आहे आणि ‘ओरा’ स्त्रीलिंगी. हा निव्वळ योगायोग आहे, दोन भाषांमधला कोणताही संबंध त्यातून सिद्ध होत नाही. परंतु लक्षात ठेवण्यासाठी याहून सोपी खूण मिळणे कठीण आहे. ‘माझा वेळ’, ‘बराच वेळ’, ‘तुझा वेळ’ असे म्हणता येत असेल तर ‘तिएम्पो’ घ्यावा. ‘ही वेळ’, ‘ठरलेली वेळ’, ‘निघायची वेळ’ असे म्हणता येत असेल तर ‘ओरा’ घ्यावा.

‘तिएने तिएम्पो?’ म्हणजे ‘तुमच्याकडे थोडा वेळ आहे का?’, तर ‘तिएने ओरा?’ म्हणजे ‘किती वाजले, सांगाल का?’. रस्त्यात अनोळखी माणसाला विचारताना या दोन प्रश्नांची अदलाबदल झाली, तर समोरचा मनुष्य एक तर घड्याळ पाहील किंवा आपले काम काय आहे ते विचारेल. ‘निघायची वेळ झाली’ याला ‘एस ओरा दे सालिर’ म्हणतात. डॉक्टरांकडे आपण ‘वेळ घेतो’, तेव्हा ती वेळ स्त्रीलिंगीच असते, आणि स्पेनमध्येही त्यासाठी ‘पेदिर ओरा’, म्हणजे शब्दशः ‘वेळ मागणे’, असेच म्हणतात. इंग्रजीतून जाणारा विद्यार्थी इथे ‘अपॉइंटमेंट’साठी वेगळा शब्द शोधत बसतो. तसा शब्द आहेही, ‘सिता’, आणि तो लॅटिन अमेरिकेतही चालतो. पण ‘ओरा’ समजण्यासाठी मराठी माणसाला शब्दकोश उघडावा लागू नये.

‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ ही आपली म्हण या बाबतीत फार उपयोगी पडते. मरणाच्या घटकेला स्पॅनिशमध्ये ‘ओरा’च म्हणतात, आणि ‘तोदाबिआ नो ले आबिआ येगादो ला ओरा’ या वाक्याचा अर्थ ‘त्याची वेळ अजून आली नव्हती’ असाच होतो.

कालावधी किती, हे सांगताना

पुल्लिंगी ‘वेळ’ ओळखता आला, तरी ‘तिएम्पो’ शब्द प्रत्येक वाक्यात यावा लागतोच असे नाही. एखाद्या कामाला वेळ लागणे यासाठी स्पॅनिशमध्ये ‘तार्दार’ हे स्वतंत्र क्रियापद आहे. ‘पोहोचायला मला दोन तास लागले’ याला ‘तार्दे दोस ओरास एन येगार’ म्हणतात. ‘टेक’ या इंग्रजी क्रियापदाचे भाषांतर करून ‘तोमार’ वापरण्याचा मोह इथे टाळावा. ‘मला वेळ पुरत नाही’ याला ‘नो मे दा तिएम्पो’ म्हणतात. यातला ‘मे’ आपल्या ‘मला’सारखाच चतुर्थीत आहे आणि वाक्याची घडण मराठीच्या इतकी जवळची आहे की कर्ता कोणता हा प्रश्न मनात येतच नाही. वेळ घालवणे, म्हणजे काही करत वेळ काढणे, याला ‘पासार’ आणि वाया घालवणे याला ‘पेर्देर’, म्हणजे शब्दशः ‘हरवणे’, ही क्रियापदे येतात.

मराठीचा सर्वांत मोठा फायदा मात्र ‘पासून’ या शब्दापाशी दिसतो. ‘मी तीन वर्षांपासून स्पॅनिश शिकतो आहे’ असे आपण वर्तमानकाळात म्हणतो, कारण शिकणे अजून चालू आहे. इंग्रजीत याच वाक्याला पूर्ण वर्तमानकाळाची गुंतागुंतीची रचना लागते आणि इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये येणारे विद्यार्थी तीच रचना सोबत घेऊन येतात. स्पॅनिशमध्ये साधा वर्तमानकाळ पुरतो: ‘आसे त्रेस आन्योस के एस्तुदिओ एस्पान्योल’. याच अर्थाने ‘येबो त्रेस आन्योस एस्तुदिआन्दो एस्पान्योल’ असेही म्हणतात, आणि दैनंदिन बोलण्यात ही दुसरी रचना अधिक सहज वाटते. क्रियापद भूतकाळात नेले की अर्थ बदलतो: ‘आसे त्रेस आन्योस एस्तुदिए एस्पान्योल’ म्हणजे ‘तीन वर्षांपूर्वी मी स्पॅनिश शिकलो’. ‘पासून’ असेल तर वर्तमानकाळ, ‘पूर्वी’ असेल तर भूतकाळ. मराठी वाक्यात हा निर्णय आधीच झालेला असतो.

दुसरी पायरी: घड्याळ मराठीत वाचा

‘किती वाजले?’ याला ‘के ओरा एस?’ म्हणतात, मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेच्या इतर काही भागांत ‘के ओरास सोन?’ असे अनेकवचनही सर्रास ऐकू येते. उत्तरात क्रियापदाचे वचन तासांच्या आकड्याप्रमाणे बदलते. ‘एक वाजला’ म्हणजे ‘एस ला ऊना’, ‘दोन वाजले’ म्हणजे ‘सोन लास दोस’. इंग्रजीत एक असो वा बारा, क्रियापद तसेच राहते, म्हणून इंग्रजीतील पाठ्यपुस्तकांना हा नियम चौकटीत घालून शिकवावा लागतो. मराठी माणूस ‘एक वाजले’ असे चुकूनही म्हणत नाही. भूतकाळात ‘एरा ला ऊना’ आणि ‘एरान लास दोस’ ही रूपे येतात; किती वाजले होते हे सांगताना ‘फुएरोन’ हे साध्या भूतकाळाचे रूप वापरू नये.

पाव, अर्धा आणि पाऊण यांचा हिशेब तर जणू आपल्यासाठीच मांडला आहे. ‘सव्वापाच’ म्हणजे ‘सिंको इ क्वार्तो’, पाच आणि पाव. ‘साडेपाच’ म्हणजे ‘सिंको इ मेदिआ’, पाच आणि अर्धा. ‘पावणेसहा’ म्हणजे ‘सेइस मेनोस क्वार्तो’, सहाला पाव कमी. ‘पावणे’ या शब्दात येणाऱ्या तासातून पाव वजा करण्याची जी रीत आहे, तीच स्पेनमध्ये ‘मेनोस’ या शब्दाने सांगितली जाते. लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ‘क्वार्तो पारा लास सेइस’, म्हणजे ‘सहाला पाव बाकी’, असे म्हणतात. ‘दीड वाजला’ हे मराठीत एकवचनी आहे आणि ‘एस ला ऊना इ मेदिआ’ हेही एकवचनी आहे. ‘अडीच वाजले’ अनेकवचनी, तसेच ‘सोन लास दोस इ मेदिआ’ही. पावणे एकला आपण ‘पाऊण वाजला’ असेही म्हणतो, त्याला ‘एस ला ऊना मेनोस क्वार्तो’ म्हणतात. दीड आणि अडीच यांना मात्र स्पॅनिशमध्ये स्वतंत्र शब्द नाहीत, एवढी गैरसोय सोसावी लागते.

दिवसाचा भाग सांगण्याची पद्धतही ओळखीची आहे. ‘रात्रीचे नऊ’ म्हणजे ‘लास नुएबे दे ला नोचे’, ‘सकाळचे सात’ म्हणजे ‘लास सिएते दे ला मान्याना’. ‘तार्दे’ हा शब्द आपली दुपार आणि संध्याकाळ दोन्ही सामावून घेतो, म्हणून संध्याकाळचे सातसुद्धा ‘लास सिएते दे ला तार्दे’ होतात. ‘पहाटेचे चार’ याला ‘लास कुआत्रो दे ला माद्रुगादा’ हे सुंदर रूप आहे. ‘माद्रुगादा’ आपल्या पहाटेपेक्षा थोडी लांब असते आणि मध्यरात्रीनंतर लगेच सुरू होते. त्यामुळे आपण ज्याला ‘रात्रीचा एक’ म्हणतो, तो स्पॅनिशभाषकाच्या लेखी माद्रुगादेचा एक असू शकतो. रात्रीच्या विमानाचे तिकीट काढताना हा फरक विसरू नये.

या ठिकाणी मराठी एका बाबतीत अधिक काटेकोर आहे, आणि म्हणूनच गोंधळ होतो. आपण ‘तास’ आणि ‘वाजले’ वेगळे ठेवतो, तर स्पॅनिशमध्ये दोन्हींसाठी ‘ओरा’ आहे. फरक दाखवण्याचे काम ‘लास’ हे उपपद करते: ‘आ लास दोस’ म्हणजे ‘दोन वाजता’, ‘दोस ओरास’ म्हणजे ‘दोन तास’. ‘ओरा इ मेदिआ’ म्हणजे दीड तास, ‘मेदिआ ओरा’ म्हणजे अर्धा तास, आणि ‘त्रेस क्वार्तोस दे ओरा’ म्हणजे पाऊण तास. उपपद गळले की भेटीची वेळ कालावधी होऊन बसते, म्हणून ‘लास’ या छोट्या शब्दाची सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्यावी.

स्पेनमधील माणसाशी फोनवर वेळ ठरवायची असेल, तर प्रमाणवेळेचा हिशेबही मनात ठेवावा. स्पेनची मुख्य भूमी 1940 पासून मध्य युरोपीय वेळेवर चालते. हिवाळ्यात भारत तिच्या साडेचार तास पुढे असतो, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेतीन तास पुढे. कानारिआस बेटांवर मुख्य भूमीपेक्षा एक तास कमी असतो, म्हणून स्पॅनिश रेडिओवर वेळ सांगताना ‘ऊना ओरा मेनोस एन कानारिआस’ हे शब्द जोडण्याचा प्रघात आहे.

तिसरी पायरी: ‘-दा’ दिसला की ‘बेस’

किती वेळा, कितव्यांदा, कोणत्या खेपेस, असा अर्थ असेल तिथे ‘बेस’ येतो. हा शब्द लॅटिन भाषेतील ‘पाळी’ किंवा ‘बदल’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे, आणि तो मूळ अर्थ लक्षात ठेवला की त्याचे पुष्कळ वाक्प्रचार आपोआप उलगडतात. ‘एकदा’ म्हणजे ‘ऊना बेस’, ‘दोनदा’ म्हणजे ‘दोस बेसेस’, ‘अनेकदा’ म्हणजे ‘मुचास बेसेस’, ‘पहिल्यांदा’ म्हणजे ‘पोर प्रिमेरा बेस’, ‘पुन्हा’ म्हणजे ‘ओत्रा बेस’. ‘कधीकधी’ला ‘आ बेसेस’, ‘अधूनमधून’ला ‘दे बेस एन क्वान्दो’, ‘क्वचित’ला ‘रारा बेस’. ‘ऐवजी’साठी असलेला ‘एन बेस दे’ हा वाक्प्रचार ‘दुसऱ्याच्या पाळीवर’ या कल्पनेतून येतो: ‘एन बेस दे ते, तोमो काफे’ म्हणजे ‘चहाऐवजी मी कॉफी घेतो’. ‘दिवसेंदिवस महाग’ याला ‘कादा बेस मास कारो’, प्रत्येक खेपेस अधिक महाग, असे म्हणतात.

मला स्वतःला सर्वांत भावलेले साम्य ‘एकदाचे’ या शब्दाचे आहे. ‘एकदाचे सांगून टाक’ या वाक्यातला अधीरपणा इंग्रजीत आणण्यासाठी बरीच खटपट करावी लागते. स्पॅनिशमध्ये मात्र ‘दिलो दे ऊना बेस’ असे म्हणून काम भागते, आणि त्यातही ‘ऊना बेस’ म्हणजे ‘एकदा’च आहे. ‘एकदा का तो आला’ या रचनेलाही ‘ऊना बेस के’ हे तंतोतंत जुळते. घटना अजून घडायची असेल, तर त्यानंतरचे क्रियापद ‘येगे’ असे संशयार्थी रूप घेते, हे मात्र वेगळे शिकावे लागते.

‘बेस’मुळे भूतकाळाची निवडही सोपी होते. स्पॅनिश शिकताना कोणत्या भूतकाळात क्रियापद चालवावे हा सर्वांत कठीण प्रश्न समजला जातो. मराठीत ‘एकदा आम्ही समुद्रावर गेलो’ आणि ‘कधीकधी आम्ही समुद्रावर जात असू’ ही दोन वेगळी रूपे आहेत. दुसऱ्याला आपल्या व्याकरणात रीतिभूतकाळ म्हणतात. स्पॅनिशमध्ये पहिले वाक्य ‘ऊना बेस फुइमोस आ ला प्लाया’ आणि दुसरे ‘आ बेसेस इबामोस आ ला प्लाया’ असे होते. ‘जात असे’ किंवा बोलीतील ‘जायचो’ हे रूप जिथे शोभते, तिथे स्पॅनिशचा अपूर्ण भूतकाळ सहसा बरोबर ठरतो. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या व्याकरणाचा इतका थेट उपयोग परकीय भाषेत क्वचितच होतो.

मराठीची अडचण ‘या वेळी’ या शब्दांपाशी येते. ‘या वेळी पाऊस चांगला झाला’ इथे ‘खेपेस’ असा अर्थ आहे, तर ‘या वेळी दुकाने बंद असतात’ इथे घड्याळातली वेळ अभिप्रेत आहे. अशा वेळी ‘या वेळी’ काढून ‘या खेपेस’ घालून पाहावे. वाक्य टिकले तर ‘एस्ता बेस’. ‘इतक्या वाजता’ अधिक जुळत असेल तर ‘आ एस्ता ओरा’. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे वाक्य या दोन्ही परीक्षांत बसत नाही, कारण त्यात ‘वेळ’ म्हणजे काळ आहे. त्यासाठी ‘एन मिस तिएम्पोस’ असे अनेकवचन वापरतात.

पटीचा हिशेब वेगळा आहे आणि थोडक्यात सांगता येतो: ‘तिप्पट’ला ‘त्रेस बेसेस मास’ किंवा ‘एल त्रिप्ले’, पण पाढ्यातील गुणाकाराला ‘पोर’, जसे ‘दोस पोर त्रेस’.

थोडा वेळ, मघाशी आणि मजेत गेलेला वेळ

‘थोडा वेळ’ यासाठी ‘उन पोको दे तिएम्पो’ चुकीचे नाही, पण बोलण्यात ‘उन रातो’ अधिक नैसर्गिक वाटते. रातोची लांबी ठरलेली नसते. ती पाच मिनिटांचीही असू शकते आणि तासाभराचीही. ‘मघाशी’ या आपल्या शब्दाला इंग्रजीत एका शब्दात उत्तर नाही, स्पॅनिशमध्ये मात्र ‘आसे उन रातो’ आहे. मेक्सिकोत ‘आल रातो’ म्हणजे ‘थोड्या वेळाने’, आणि ‘आ रातोस’ म्हणजे ‘मधूनमधून’.

इंग्रजीतील ‘गुड टाइम’चे शब्दशः भाषांतर करून ‘बुएन तिएम्पो’ म्हणणे ही सर्वांत वारंवार आढळणारी चूक आहे, आणि ती ऐकणाऱ्याला वाटते की आपण हवामानाबद्दल बोलत आहोत. ‘मजा आली’ यासाठी स्पेनमध्ये ‘लो पासे मुइ बिएन’ आणि लॅटिन अमेरिकेत ‘ला पासे मुइ बिएन’ म्हणतात.

‘बुएन तिएम्पो’मुळे हा गैरसमज होतो, कारण ‘तिएम्पो’चा दुसरा अर्थ हवा असा आहे. ‘के तिएम्पो आसे?’ म्हणजे ‘हवा कशी आहे?’, आणि ‘आसे बुएन तिएम्पो’ म्हणजे ‘हवा छान आहे’. इथे मराठी आपल्याला मदत करत नाही, इंग्रजीही करत नाही. गोव्यातील ज्या घरांतून पोर्तुगीज भाषा वापरात राहिली आहे, तेथील वाचकांना मात्र हे नवे वाटणार नाही. पोर्तुगीजमधील ‘टेंपो’ या शब्दाचेही वेळ आणि हवा असे दोन्ही अर्थ होतात, आणि त्या भाषेत ‘ओरा’ व ‘वेश’ हे शब्दही याच अर्थांनी आहेत.

काळ, हंगाम आणि मुदत

‘काळ’ म्हणजे इतिहासातला एखादा टप्पा असेल, तर ‘एपोका’ किंवा अनेकवचनी ‘तिएम्पोस’ घ्यावे: ‘पेशवाईच्या काळात’ म्हणजे ‘एन तिएम्पोस दे लोस पेशवास’. व्याकरणातला काळ मात्र एकवचनी ‘तिएम्पो’ असतो, आणि ही जोडी आपल्याकडेही तशीच आहे, कारण भूतकाळ व वर्तमानकाळ यांत आपण ‘काळ’ हाच शब्द वापरतो. आंब्याच्या हंगामाला ‘तेम्पोरादा दे मांगो’ म्हणावे.

‘मुदत’ आणि ‘प्लासो’ यांचे नाते पाहण्यासारखे आहे. ‘एल प्लासो तेर्मिना एल लुनेस’ म्हणजे ‘मुदत सोमवारी संपते’. अल्पमुदतीचे आणि दीर्घमुदतीचे या आपल्या बँकेतील शब्दांना ‘आ कोर्तो प्लासो’ आणि ‘आ लार्गो प्लासो’ हे शब्दन् शब्द जुळतात. ज्याला इंग्रजीत कधी ‘फिक्स्ड’ तर कधी ‘टाइम डिपॉझिट’ म्हणतात, त्या मुदत ठेवीला स्पॅनिशमध्ये ‘देपोसितो आ प्लासो फिखो’ म्हणतात, म्हणजे ‘ठरावीक मुदतीची ठेव’. यातला ‘खो’ घशातून, घर्षणाने उच्चारावा. अनेकवचनात ‘प्लासोस’ म्हणजे हप्ते, आणि ‘कोम्प्रार आ प्लासोस’ म्हणजे हप्त्याने विकत घेणे. परदेशी शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ‘फुएरा दे प्लासो’ हे शब्द ओळखून ठेवावेत. मुदतीनंतर आलेल्या अर्जावर हाच शेरा असतो.

किरकोळ उपयोग चटकन पाहून घेऊ. ‘वेळेवर’ आणि ‘वेळेत’ या दोन्हींसाठी ‘आ तिएम्पो’ चालते, ‘अवेळी’ला ‘आ देस्तिएम्पो’ किंवा ‘आ देसोरा’. ओव्हरटाइम म्हणजे ‘ओरास एक्स्त्रास’. फुटबॉलचा पूर्वार्ध म्हणजे ‘प्रिमेर तिएम्पो’. वेळ मोजणे या अर्थाचे क्रियापद ‘क्रोनोमेत्रार’. तुरुंगात शिक्षा भोगणे म्हणजे ‘कुम्प्लिर कोन्देना’. त्यात ‘तिएम्पो’ नसतो. ‘आओरा’, म्हणजे आता, या शब्दात ‘ओरा’ दडलेला आहे: तो ‘या वेळी’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांपासून बनला आहे. गोष्टीच्या आरंभीचे ‘एके काळी’ स्पेनमध्ये ‘एरासे ऊना बेस’ आणि लॅटिन अमेरिकेत बहुधा ‘आबिआ ऊना बेस’ असे होते. म्हणजे इथे आपला ‘काळ’ सोडून ‘खेप’ धरावी लागते. ‘डोळ्याचे पाते लवते न लवते तोच’ याला ‘एन उन आब्रिर इ सेर्रार दे ओखोस’, डोळे उघडून मिटण्याइतक्या अवधीत, असे म्हणतात.

उशिरा आलेल्या मदतीसाठी स्पॅनिशमध्ये ‘आ बुएनास ओरास, मांगास बेर्देस’ ही म्हण आहे. ‘मांगास बेर्देस’ म्हणजे हिरव्या बाह्या. 1476 मध्ये स्पेनमधील कास्तिल्या राज्यात उभारलेल्या सान्ता एर्मान्दाद या रखवालदार दलाच्या गणवेशाच्या बाह्या हिरव्या होत्या आणि गुन्हा घडून गेल्यावर ते पोहोचत, असे या म्हणीचे स्पष्टीकरण दिले जाते. आपल्या ‘वरातीमागून घोडे’ला इतका चपखल जोडीदार मिळाल्यावर ती वहीत लिहून ठेवण्याजोगी आहे.

सरावासाठी एक निरोप

आता पुण्यातल्या एका मुलीने माद्रिदमधील मैत्रिणीला पाठवायचा निरोप घेऊ. प्रत्येक वाक्य आधी मराठीत पूर्ण म्हणावे, त्यातला कळीचा शब्द हेरावा, आणि उत्तर झाकून स्वतः प्रयत्न करावा.

‘किती दिवसांनी बोलतोय आपण!’ इथे ‘दिवस’ म्हणजे कालावधी आहे, म्हणून ‘क्वान्तो तिएम्पो!’ एवढेच पुरते. ‘मघाशी तुला दोनदा फोन केला’ यात ‘मघाशी’ आणि ‘-दा’ असे दोन धागे आहेत: ‘आसे उन रातो ते यामे दोस बेसेस’. स्पेनमध्ये आजच घडलेल्या गोष्टीसाठी ‘ते ए यामादो’ असे रूप अधिक ऐकू येते. ‘आमच्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले आहेत, तुमच्याकडे किती?’ याला ‘आकी सोन लास ओचो इ मेदिआ दे ला नोचे, के ओरा एस आयी?’. हिवाळा असेल तर उत्तर येईल ‘लास कुआत्रो दे ला तार्दे’. ‘अर्जाची मुदत शुक्रवारी संपते, या वेळी तरी उशीर करू नकोस’ यात ‘या वेळी’च्या जागी ‘या खेपेस’ सहज बसते, म्हणून ‘एल प्लासो तेर्मिना एल बिएर्नेस, एस्ता बेस नो येगेस तार्दे’. आणि शेवटी ‘तिकडे हवा कशी आहे?’ यात ‘वेळ’ कुठेच नाही, तरी स्पॅनिशमध्ये पुन्हा पहिलाच शब्द हाती येतो: ‘के तिएम्पो आसे आयी?’